वैशाखातली परसबाग : पाणी थोडं, पण कामं मोलाची



मे महिना लागला की परसबागेकडे बघवत नाही. मेथी-कोथिंबीर कधीच संपलेली असते, टोमॅटोची झाडं वाळून काड्या झालेल्या असतात, विहीर तळाला गेलेली असते आणि हंडाभर पाण्यासाठी पायपीट चालू असते. अशा वेळी आपल्यापैकी बऱ्याच जणी म्हणतात, "आता काय, पाऊस पडल्यावर बघू."

इथंच आपलं नुकसान होतं. कसं, ते हिशोब करून बघा. वांग्याचं रोप लावायला तयार व्हायला चार ते पाच आठवडे लागतात. मिरचीला त्याहून थोडे जास्त. रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या आसपास बी टाकलं, तर जूनच्या शेवटी रोप हातात येतं. "पाऊस पडू दे, मग बघू" म्हणून जूनच्या शेवटी बी टाकलं, तर रोप लावायला ऑगस्ट उजाडतो. म्हणजे भाजी महिनाभर मागे गेली. आणि हा महिना कोणता? बाजारात भाजी महाग असते तो. पेरणीत पैसा गुंतलेला असतो, हातात रोकड नसते आणि घरात डाळ-भाकरी नाहीतर चटणी-भाकरी चालू होते.

म्हणून या अंकात मे महिन्यात परसबागेत काय काय करायचं ते क्रमानं सांगत आहोत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा कोरड्या, कडक उन्हाच्या भागाला धरून हे लिहिलं आहे. कोकणात आणि घाटाखाली पाऊस लवकर आणि जोराचा येतो, तिथल्या मैत्रिणींनी हीच कामं आठ-दहा दिवस आधी उरकावीत.

आधी पाण्याचा हिशोब

उन्हाळ्यात सगळंच वाचवायला गेलं की काहीच वाचत नाही. म्हणून आधी पाणी मोजा.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर १ लिटर पाणी टाकलं, तर ते १ मिलिमीटर पावसाइतकं होतं. मे महिन्याच्या उन्हात भाजीच्या वाफ्याला दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे १० फूट लांब आणि १० फूट रुंद वाफ्याला रोज ५० ते ६० लिटर. आपला हंडा १२ ते १५ लिटरचा धरला, तर रोजचे चार हंडे झाले. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईनं एवढं पाणी भाजीला घालावं, असं कोणी सांगू नये.

मग काय वाचवायचं?

पहिला मान कायमच्या झाडांचा. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, पपई, पेरू. ही झाडं मेली तर दोन-तीन वर्षांची मेहनत जाते. यांना रोज पाणी लागत नाही. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा भरपूर द्या. वरचेवर शिंपडलं की माती फक्त वरवर भिजते, मुळं वरच राहतात आणि उन्हात भाजतात. पाणी खोडाला चिकटून ओतू नका. झाडाची सावली दुपारी जिथं संपते तिथं गोल आळं करा आणि त्यात द्या. पाणी पिणारी बारीक मुळं तिथं असतात.

दुसरा मान बियाण्यासाठी ठेवलेल्या वेलाचा किंवा झाडाचा. त्याबद्दल पुढं सांगितलं आहे.

तिसरा मान एका छोट्या पालेभाजीच्या वाफ्याचा. तीन फूट बाय पाच फूट पुरे. त्यात लाल माठ, तांदुळजा, राजगिरा, अंबाडी यांतलं काहीतरी लावा. या भाज्या ऊन बऱ्यापैकी सोसतात. मेथी, पालक, कोथिंबीर भर उन्हात नीट येत नाहीत, लवकर फुलावर जातात.

बाकी जे म्हातारं झालं आहे त्याचा मोह सोडा. पानं पिवळीजाळ झालेली भेंडी, पानं गोळा झालेली मिरची, काळे ठिपके पडलेला टोमॅटो हे सगळं मुळासकट उपटा आणि बागेपासून लांब खड्ड्यात पुरा. त्यांच्यावर पांढरी माशी आणि फुलकिडे राहतात आणि तेच नव्या रोपांवर रोग घेऊन जातात. जुनं झाड "दोन-चार फळं देईल" म्हणून ठेवणं महागात पडतं.

थोडं पाणी जास्त दिवस पुरवायचे उपाय

*आच्छादन :* उघडी माती पाणी उडवते. झाडाच्या बुंध्याभोवती पालापाचोळा, उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, वाळलेलं गवत यांचा तीन-चार बोटं जाड थर द्या. खोडाला लागून मात्र दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. बी धरलेलं गाजरगवत आच्छादनाला वापरू नका, पावसात तेच उगवून येईल. वाळवीचा त्रास असेल तर थर पातळ ठेवा आणि आठवड्यातून एकदा हलवा. उन्हाळ्यात अंगण झाडून पाला जाळायची सवय असेल तर ती आजपासून बंद. तो पाला म्हणजे खतही आहे आणि पाण्याची बचतही.

*मडक्याचं सिंचन :* मातीचं साधं, रंग न लावलेलं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरा, पाण्यानं भरा आणि तोंडावर झाकण ठेवा. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि भोवतीची झाडं लागेल तेवढंच घेतात. एका मडक्याभोवती दोन-तीन वेल किंवा चार वांग्याची झाडं सहज जगतात. घरातला जुना माठ वापरायचा असेल तर एक गोष्ट बघा. जो माठ पाणी गार करत नाही, त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. तो नुसता पुरून झिरपणार नाही. त्याच्या बुडाशी खिळ्यानं बारीक भोक पाडा आणि त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा. झाकण न विसरता ठेवा, नाहीतर त्यात डास होतील.

*घरातलं वापरलेलं पाणी :* तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी थेट झाडाला चालतं. अंघोळीचं आणि भांड्याचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून केळी, पपई, अळू यांच्याकडे वळवा. कपड्याच्या सोड्याचं, पावडरचं घट्ट पाणी मात्र झाडांना देऊ नका. त्यातल्या क्षारांनी माती कडक होत जाते. कच्च्या खायच्या भाजीला, म्हणजे कोथिंबीर, मुळा, काकडी यांना सांडपाणी नकोच.

*सावली :* पालेभाजीच्या वाफ्यावर जुन्या सुती साडीचा मांडव घाला. पश्चिमेकडची बाजू विशेष झाका, कारण दुपारनंतरचं ऊन जास्त भाजतं. साडी वाफ्याच्या अगदी जवळ नको. तीन-चार फूट उंच बांधा, म्हणजे वारा खेळता राहील.

पाणी शक्यतो संध्याकाळी द्या. रात्रभर ते मुरतं. ते जमत नसेल तर पहाटे. दुपारी दिलेल्या पाण्यातलं बरंचसं झाडापर्यंत पोहोचायच्या आधीच उडून जातं.

उन्हाला कामाला लावा

वैशाखातलं ऊन आपल्याला नकोसं होतं, पण मातीतल्या किडी-रोगांसाठी तेच औषध आहे आणि ते फुकट मिळतं.

रिकामी जागा टिकावानं एक वीत खोल खणून ढेकळं तशीच उघडी ठेवा. मातीत लपलेले किडींचे कोष आणि अंडी वर येतात, उन्हात मरतात, नाहीतर साळुंक्या-बगळे टिपतात. लव्हाळा आणि हराळीच्या गाठी मात्र हातानं वेचून बाहेर काढा. त्या नुसत्या उन्हानं मरत नाहीत.

जिथं रोपवाटिका करायची आहे ती जागा अजून चांगली तापवता येते. जागा खणून सपाट करा, ढेकळं फोडा, पाणी देऊन ओली करा आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरा. कडा चारही बाजूंनी मातीत दाबा म्हणजे वाफ बाहेर जाणार नाही. तीन ते चार आठवडे तसंच राहू द्या. आत इतकी उष्णता होते की वरच्या थरातलं तणाचं बी, बुरशी आणि सूत्रकृमी बरेचसे मरतात. कागद पारदर्शकच हवा. काळ्या कागदाखाली माती तेवढी तापत नाही. आणि माती ओली हवी, कारण ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते. ज्यांची वांग्या-मिरचीची रोपं दरवर्षी जमिनीलगत कुजून आडवी पडतात, त्यांनी हे जरूर करून बघावं. मेच्या पहिल्या आठवड्यात कागद टाकला तर रोहिणीपर्यंत जागा तयार होते.

खत : कुजलं आहे ना, ते बघा

उकिरड्यातलं खत काढायचं ते याच महिन्यात. चांगलं कुजलेलं खत कसं ओळखायचं? रंग काळपट, हातात घेतलं की भुसभुशीत, शेणाचा वास नाही आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. कच्चं शेणखत वाफ्यात घातलं तर तण वाढतं, मुळं होरपळतात आणि त्यातून हुमणी येते.

हुमणी म्हणजे ती पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, जाड अळी. खत चाळताना दिसली तर वेचून कोंबड्यांपुढे टाका. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंब आणि बाभळीवर पानं खायला जमतात. त्या दोन-तीन रात्री बॅटरी घेऊन फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हे काम एकटीनं करून उपयोग नाही. वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून केलं तर परसबागच नाही, शेतातलं पीकही वाचतं.

एका चौरस मीटर वाफ्याला दोन-तीन किलो चाळलेलं खत पुरतं. ट्रायकोडर्मा मिळाली तर किलोभर खताला १० ग्रॅम या हिशोबानं मिसळा, थोडं पाणी शिंपडा आणि सावलीत गोणपाटाखाली आठ-पंधरा दिवस ठेवा. ही उपयोगी बुरशी आहे, रोपं कुजवणाऱ्या बुरशीला ती वाढू देत नाही. पाकिटावरची शेवटची तारीख बघून घ्या आणि पाकीट उन्हात ठेवू नका.

ज्यांच्याकडे गांडूळ खताचा बेड आहे त्यांनी तो सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट सतत ठेवावं. उन्हाळ्यात गांडुळं मरतात ती कोरड्यानं आणि तापण्यानं.

बी : घरचं ठेवा, विकतचं वाटून घ्या

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. शाळेत न गेलेल्या या बाईनं आपल्या भागातल्या कितीतरी भाज्यांचं आणि धान्यांचं बी टिकवून ठेवलं. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

या महिन्यात गवार, चवळी, वाल यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या आणि मग तोडा. दोडका, दुधी वेलावर पूर्ण जून होऊ द्या, हलवल्यावर बी खुळखुळलं पाहिजे. वांगं पिवळं पडेपर्यंत ठेवा. टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत एक-दोन दिवस ठेवा, मग धुवून वाळवा. बियांवरचा बुळबुळीत थर त्यानं निघतो. बी सकाळच्या कोवळ्या उन्हात वाळवा, दुपारच्या कडक उन्हात नको. पूर्ण वाळल्यावर कोरडी राख किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर नाव आणि महिना लिहा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. संकरित वाणाचं बी घरी धरू नका. पुढच्या वर्षी झाडं सारखी येत नाहीत, फळं लहान-मोठी येतात. आणि दुधी, दोडका, भोपळा, काकडी यांचं परागीभवन मधमाश्या करतात. म्हणून एकाच भाजीचे दोन वेगवेगळे वाण जवळजवळ असतील तर बी मिसळतं. चवळी, वाल, टोमॅटो यांचं बी धरायला सगळ्यात सोपं, सुरुवात त्यांनीच करा.

*उगवण तपासा :* बी घरचं असो की विकतचं, आधी परीक्षा घ्या. मोजून २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळा आणि सावलीत ठेवा. फडकं वाळू देऊ नका. चवळी, गवार, भेंडी पाच-सहा दिवसांत मोड काढतात, वांगी-मिरचीला आठ ते चौदा दिवस लागतात. २० पैकी १६ किंवा जास्त उगवल्या तर बी चांगलं. १२ च्या आसपास उगवल्या तर दीडपट बी टाका. १० पेक्षा कमी असतील तर ते बी सोडून द्या. ही परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात केली तर दुसरं बी आणायला वेळ राहतो.

*विकतच्या बियांचा हिशोब :* हा नीट वाचा, कारण यात आपले पैसे वाचतात. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या साधारण ३००, वांग्याच्या २०० आणि मिरचीच्या १५० बिया असतात. समजा तुमच्या गटात दहा जणी आहेत आणि प्रत्येकीला तिन्हींची २०-२० रोपं हवी आहेत. म्हणजे प्रत्येक भाजीची २०० रोपं. मर-तूट धरून ३०० बिया टाकल्या, तर टोमॅटोचं १ ग्रॅम, वांग्याचं दीड ग्रॅम आणि मिरचीचं २ ग्रॅम बी लागलं. दुकानातलं १० ग्रॅमचं पाकीट प्रत्येकीनं स्वतंत्र घेतलं तर त्यातलं बहुतेक बी फुकट जातं. एकच पाकीट पाच गटांना पुरतं. मग ही खरेदी ग्रामसंघानं एकत्र करावी, पावती घ्यावी, पाकीट जपून ठेवावं आणि बी गटागटांत वाटून द्यावं.

गटाची एकच रोपवाटिका

याच हिशोबाचा पुढचा भाग. दहा जणींनी दहा ठिकाणी रोपं करायची तर दहा ठिकाणी पाणी, दहा ठिकाणी राखण. त्यापेक्षा ज्या ताईकडे पाणी आणि कुंपण आहे तिच्याकडे एकच गादीवाफा करा. तीन फूट रुंद, दहा फूट लांब आणि एक वीत उंच. एवढ्या वाफ्यात वरची ९०० बियांची पेरणी आरामात बसते. सावली आणि आच्छादन असेल तर त्याला दिवसाला एक-दीड हंडा पाणी पुरतं. दीड हंड्यात दहा घरांची वांगी, टोमॅटो, मिरची तयार होते.

पद्धत अशी : वाफ्यात चाळलेलं खत मिसळा. चार बोटांवर आडव्या रेघा ओढा. बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळा आणि रेघेत एक-एक बी पातळ टाका. नखाइतकंच खोल. वरून चाळलेल्या खताचा पातळ थर द्या, झारीनं पाणी द्या आणि वाळलेलं गवत किंवा गोणपाट झाका. रोज सकाळी उचलून बघा. पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी झाकण काढा. एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

मग वाफ्यावर बांबूच्या कामट्या कमानीसारख्या खोचून जुनी मच्छरदाणी किंवा पातळ पांढरं कापड घाला. पांढरी माशी आणि फुलकिडे आत गेले नाहीत की मिरचीवरचा चुरडा-मुरडा निम्मा तिथंच थांबतो. रोप लावायच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा आणि कापड काढून ठेवा, म्हणजे रोप कणखर होतं. लावायच्या दिवशी सकाळी वाफा भिजवून रोपं काढा आणि लागवड संध्याकाळी करा.

जिच्या अंगणात रोपवाटिका होते तिची मेहनत फुकट धरू नका. तिला रोपं जास्त द्यायची, की बाकीच्यांनी पाळीपाळीनं पाणी घालायचं, हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहा. अशी गोष्ट तोंडी राहिली की जूनमध्ये कुरबुर सुरू होते.

पावसाच्या आधी उभं करायचं ते

*खड्डे :* शेवगा, लिंबू, पपई, कढीपत्ता लावायचा असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे आत्ताच खणा आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती, दोन घमेली खत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घाला आणि खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा. पपईच्या बुंध्याशी दोन दिवस पाणी साचलं तरी मुळं कुजतात, म्हणून ती उंचवट्यावरच लावा. खड्डे खणायचं काम घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना सांगा. खाणारे सगळे असतील तर खणणारेही सगळे असावेत.

*शेवगा :* शेंगा संपल्या की झाड तीन-चार फुटांवर छाटा. नवीन फांद्या हाताला येतील अशा उंचीवर फुटतात आणि पाला तोडायला सोपा पडतो. छाटलेल्या मनगटाएवढ्या जाड फांद्यांचे तीन-चार फुटी तुकडे सावलीत ठेवा आणि पावसाच्या तोंडावर लावा. शेजारणीलाही एक द्या.

*हळद, आलं, सुरण, अळू :* यांचे कंद लावायचा काळ हाच. न्हाणीच्या जवळ ओलावा असतो तिथं दोन-चार कंद लावले तरी घरापुरतं होतं.

*मांडव आणि कुंपण :* दोडका, कारलं, दुधी यांच्यासाठी मांडव आत्ताच उभा करा. पावसात ओल्या मातीत डांब नीट बसत नाहीत आणि तोवर वेल जमिनीवर पसरलेला असतो. कुंपणाच्या काट्या बदला. शेळी एकदा आत शिरली तर तुमची महिनाभराची मेहनत पाच मिनिटांत संपते.

*पाण्याला वाट :* पावसाळ्यात आपला शत्रू साचलेलं पाणी. वाफे एक वीत उंच ठेवा, मधून चर काढा. छपराचं पाणी कुठं पडतं ते बघा. २०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर दीडशे लिटरच्या वर पाणी मिळतं, म्हणजे दहा हंडे. खाली पिंप लावलं तर जूनमधल्या उघडिपीत रोपं जगवायला तेच कामाला येतं.

*निंबोळ्या :* मेच्या शेवटी आणि जूनमध्ये निंबोळ्या पिकून पडतात. वेचा, गर काढून धुवा, सावलीत वाळवून ठेवा. फवारणीसाठी ५०० ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, थोडा साबणाचा चुरा मिसळा आणि एकूण पाणी १० लिटर करा. संध्याकाळी फवारा. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांच्यावर चालतं. अर्क त्याच दिवशी वापरायचा, साठवायचा नाही.

जागा नाही, त्यांनी काय करायचं?

ज्यांना परसच नाही त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या स्वच्छ धुवून घ्याव्यात. फुटक्या बादल्या, तेलाचे डबेही चालतील. खाली भोकं पाडा, निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं खत भरा. एका गोणीत एक दुधीचा किंवा कारल्याचा वेल छपरावर चढवता येतो. चार गोण्यांत दोन वांगी, एक मिरची, एक पालेभाजी. कीटकनाशकाचा डबा किंवा बाटली मात्र कितीही धुतली तरी वापरू नका.

स्वतःला जपा

सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच काम करा. डोक्यावर ओला पदर घ्या. तहान लागायची वाट न बघता ताक, लिंबूपाणी, साधं पाणी पीत राहा. चक्कर, मळमळ, अंग तापणं, बोलताना गोंधळणं ही उन्हाची झळ लागल्याची लक्षणं आहेत. लगेच सावलीत घ्या, अंग ओल्या कपड्यानं पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. आच्छादन, दगड, काट्या हलवताना आधी काठीनं हलवा, मग हात घाला. गारव्याला विंचू-साप तिथंच येतात. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

भाजी कोणाच्या ताटात?

हे सगळं कशासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या गटात दहा जणी असतील तर त्यातल्या पाच-सहा जणींचा हा प्रश्न आहे. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, चवळीचा पाला रोज जेवणात असावा. वर लिंबू पिळावं म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. पण रक्त कमी असेल तर नुसत्या भाजीवर भागत नाही. आशाताई देतात त्या गोळ्याही घ्यायच्या.

आणि एक नियम घरात लावून घ्या. भाजी आपण पिकवली, आपण शिजवली, तर शेवटी भांड्याला लागलेली भाजी आपली, असं होऊ द्यायचं नाही. आपली आणि आपल्या मुलींची वाटी आधी भरून बाजूला ठेवायची.

पुढच्या बैठकीत ठरवा

१. मेचा पहिला आठवडा : रोपवाटिकेची जागा ठरवणं, कागद अंथरणं, बियांची उगवण तपासणं.

२. दुसरा-तिसरा आठवडा : जुनी रोगट झाडं काढणं, खड्डे, खत चाळणं, ट्रायकोडर्मा मिसळून ठेवणं, बियांची एकत्र खरेदी.

३. रोहिणी नक्षत्र : वांगी, मिरची, टोमॅटोचं बी टाकणं, मांडव, कुंपण, चर.

४. मृगाच्या तोंडावर, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास : खड्डे भरणं, शेवग्याच्या फांद्या लावणं, भुंगेरे गोळा करणं. भेंडी, गवार, चवळी आणि वेलभाज्यांचं बी जमीन चांगली भिजल्यावरच टोकायचं. वळवाच्या एका सरीला फसून बी टाकू नका.

५. प्रत्येकीनं आपल्याकडचं एक गावरान बी बैठकीला आणायचं आणि एक न्यायचं.

अडलं तर तुमच्या गावच्या कृषी सखीला विचारा. रोपं कशी आली, कुठं बिघडलं, ते ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. पुढच्या अंकात रोपांची लागवड आणि पावसाळ्यातल्या किडींबद्दल लिहू.